घळीतली वाट: बर्की, पावनखिंड आणि पळसंबे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस लागला की आमच्याकडे प्रश्न सुरू होतात. पहिला ठरलेला असतो: "बर्कीला पाणी आलं का?" त्यानंतरचेही बहुतेक ठरलेलेच असतात, म्हणून ते इथं एकत्र केले आहेत. गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या धबधब्यांसाठी हे पान नाही. ओढ्याच्या कडेनं, झाडीतून, ओल्या दगडांवरून चालत जाऊन बघायच्या जागांसाठी आहे.

१. कोल्हापूरजवळ अशी घळ नक्की कुठं आहे?

पश्चिमेला निघालात की बऱ्याच आहेत. विचारणा मात्र तीन ठिकाणांचीच जास्त होते.

बर्की शाहूवाडी तालुक्यात आहे. गाव मागं पडलं की भाताची खाचरं लागतात, मग ओढ्याला धरून वाट झाडीत शिरते आणि शेवटी कड्यावरून कोसळणारं पाणी समोर येतं. पावनखिंडही शाहूवाडीतच, मलकापूरहून विशाळगडाकडे जाताना. इथं खाली उतरायला पायऱ्या आणि लोखंडी कठडे आहेत. तळाशी दोन्हीकडून कातळाच्या भिंती आणि मधून वाहणारा ओढा. पळसंबे गगनबावडा तालुक्यात आहे. इथला धबधबा लहान, पण ओढ्याकाठी गर्द सावलीत अख्ख्या दगडातून कोरलेली छोटी देवळं आहेत. लोक या जागेला रामलिंग म्हणतात. शेवाळ बघायचं असेल तर आमचं मत पळसंब्याला. त्या कोरीव दगडांवर पावसाळ्यात जो हिरवा थर चढतो तो दुसरीकडे दिसत नाही.

राधानगरी तालुक्यातला राऊतवाडीचा धबधबा देखणा आहे, पण तिथं चालणं कमी आणि रविवारची गर्दी जास्त. त्याबद्दल इथं अधिक लिहीत नाही.

२. कधी जावं?

नुसतं पाणी बघायचं असेल तर जुलै. चालायचं असेल तर सप्टेंबर.

जुलैत आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धबधबे भरात असतात, पण तेव्हाच ओढे उतरू देत नाहीत आणि धुक्यात समोरचा कडाही दिसत नाही. गणपतीच्या आसपास पावसाला उघडीप मिळू लागते. पाणी स्वच्छ होतं, दगड दिसतात, शेवाळ पूर्ण वाढलेलं असतं आणि कडेला तेरडा फुललेला असतो. ऑक्टोबर संपेपर्यंत धार टिकते, मग बारीक होत जाते. माथ्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ पठार, असेल तर तो पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. असे ओढे उघड्या कातळावरून आलेल्या ओढ्यांपेक्षा जास्त दिवस वाहतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका. पाणी आलेलं नसतं आणि वाट मात्र निसरडी झालेली असते.

३. शहरात ऊन आहे. तिकडं पाऊस असेल का?

असेल. हा फरक बाहेरगावच्या लोकांना पटत नाही आणि आपल्यालाही दरवर्षी नव्यानं पटवून घ्यावा लागतो. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे पडतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. पूर्वेला सरकेपर्यंत त्यांच्यात फारसं उरत नाही. त्यामुळं रंकाळ्यावर उभं राहून आकाशाकडे बघून बर्कीचा बेत ठरवायचा नाही. हवामान खात्याचा घाटमाथ्यासाठीचा इशारा वेगळा असतो, तो बघा. 'ऑरेंज' असेल तर घळीत उतरू नका. 'रेड' असेल तर घरातून निघूच नका.

४. कसं जायचं? रस्ता बंद असतो का?

पावनखिंडीला रत्नागिरी रस्त्यानं मलकापूरपर्यंत, तिथून विशाळगडाची वाट. पळसंब्याला गगनबावडा रस्त्यानं जाऊन आत वळायचं. बर्कीला कळे, बाजारभोगाव, करंजफेण अशी वाट सोयीची. एसटीनं जायचं तर मध्यवर्ती बसस्थानकावर किंवा रंकाळा स्टँडवर चौकशी करा. आतल्या गावांच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि पावसात त्या आधी रद्द होतात. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे जाताना कंडक्टरला विचारून ठेवा.

आता रस्ता बंद होण्याबद्दल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पातळी ३९ च्या दिशेनं चढत असेल तर पश्चिमेचे रस्ते पाण्याखाली जायची तयारी सुरू झाली असं समजा. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ आणि रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी येतं, हे प्रत्येक कोल्हापूरकराला माहीत आहे. तरी सकाळी जाताना रस्ता मोकळा होता म्हणून निघून जाणारे आणि संध्याकाळी पलीकडेच राहणारे दरवर्षी असतात. सकाळच्या पातळीपेक्षा ती चढते आहे की उतरते आहे, हे जास्त महत्त्वाचं.

५. लहान मुलं, आई-वडील यांना घेऊन जाता येईल का?

पावनखिंडीत वरच्या कठड्यापर्यंत सगळ्यांना. खाली उतरायचं की नाही हे गुडघे बघून ठरवा; ओल्या पायऱ्या चढताना सोप्या वाटतात, उतरताना नाही. पळसंब्याला पाऊस कमी असलेल्या दिवशी आजीआजोबाही आरामात जातात. बर्कीला सहा-सात वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. अंतर फार नाही, पण ओढा ओलांडावा लागला तर एका मोठ्या माणसाचे दोन्ही हात मुलातच अडकतात.

६. बूट कुठले घालायचे?

महागडे ट्रेकिंगचे बूट लागतातच असं नाही. मऊ रबराचा, खोल नक्षीचा तळवा हवा. झिजलेले स्पोर्ट्स शूज हे सगळ्यात धोकादायक, आणि नेमके तेच लोक 'खराब झाले तरी चालतील' म्हणून घालून येतात. पेठेतली पोरं फुटबॉलचे स्टड घालून येतात. चिखलात ते झकास चालतात, पण ओल्या कातळावर त्या कडक खुंट्यांना पकडायला काहीच नसतं. कोल्हापुरी पायताण घरी ठेवा, चामडं भिजून वाया जाईल. गावातली माणसं रानात साधे प्लास्टिकचे बूट वापरतात, कारण पाणी आत आलं तसं बाहेर जातं. सँडल घालायचीच असेल तर मागं पट्टा असलेली.

पाय कुठं ठेवायचा हे पुढच्या प्रश्नात आहे. बुटापेक्षा ते जास्त कामाचं.

७. शेवाळावर पाय घसरतो. चालायचं कसं?

आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो, पण पायाला त्यात दोन प्रकार भेटतात. एक म्हणजे गुबगुबीत, मखमली गाद्या. त्यांना बारीक पानं असतात, हात लावला तर पाणी पिळून निघतं. दुसरा म्हणजे दगडावरचा काळपट-हिरवा, चकाकणारा बुळबुळीत थर, ज्याला जाडी अशी नसतेच. घसरवतो तो मुख्यतः हा दुसरा. पाण्याची पातळी वरखाली होते त्या पट्ट्यात, म्हणजे ओढ्याच्या काठावरच्या अर्ध्या ओल्या दगडांवर, तो सगळ्यात जास्त असतो. म्हणून लोक पाण्यात पडत नाहीत, पाण्यातून बाहेर येताना पडतात.

चकाकणारा काळा दगड दिसला की तो टाळायचा. खरखरीत, फिकट राखाडी दगड चालतो. ओढा उथळ असेल तर दगडांवरून उड्या मारत जाण्यापेक्षा सरळ पाण्यात उतरून खडी-वाळूच्या तळावरून चाला. बूट तसेही भिजणारच आहेत. पाऊल सपाट टाका, टाचेवर नको. तिरक्या कातळावर आडवं चालू नका. हातात काठी असू द्या आणि ती वाटेतल्या झाडाची तोडू नका, घरून आणा. मखमली गादीवरही भरवसा नको. ती घसरत नाही, पण पायाच्या वजनानं सालीसारखी निघून येते आणि तुम्हीही तिच्याबरोबर येता.

८. मे महिन्यात गेलो होतो, तिथं काहीच हिरवं नव्हतं. शेवाळ मरतं का?

मरत नाही, वाळतं. या मखमली शेवाळाला खरी मुळं नसतात. पाणी ते पानांतूनच थेट घेतं. त्यामुळं हवा कोरडी झाली की तेही कोरडं होतं आणि दगडावर तपकिरी खपली होऊन बसतं. वळवाचे दोन सडाके झाले की तीच खपली पुन्हा हिरवी होते. कधी कधी काही तासांत. घळीत ते जास्त असतं कारण दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळं ऊन तळापर्यंत पोहोचत नाही आणि पाण्याच्या तुषारांनी हवा ओली राहते.

झाडांच्या खोडांवरच्या त्या ओल्या थरातच नेचे आणि ऑर्किडं रुजतात. कुंडीत लावायला म्हणून शेवाळाचे पापुद्रे काढून नेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. घरच्या गॅलरीत ते आठवडाभरात वाळतं आणि दगड मात्र उघडा पडतो.

९. ओढ्याला किती पाणी असलं तर परत फिरायचं?

हा या पानावरचा एकमेव प्रश्न आहे जो चुकला तर बाकीच्या उत्तरांचा उपयोग नाही, म्हणून जरा सविस्तर.

घळ ही वाट नसते, पाण्याचा मार्ग असतो. कोरड्या दिवसांत त्यातून माणसांना जाता येतं इतकंच. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. जोर असेल तर गुडघ्याखालीही नाही. पाणी गढूळ झालं आणि तळ दिसेनासा झाला तर खोली किती हा प्रश्नच संपला, परत फिरा.

पाणी वाढण्याची चिन्हं आधी दिसतात. स्वच्छ पाणी अचानक तांबूस होतं. पानं, काटक्या, फेस वाहून येऊ लागतो. मघाशी कोरडा असलेला ओळखीचा दगड ओला दिसतो. आवाज बदलतो: खळखळीच्या खाली घरघर ऐकू येते, तळाचे दगड एकमेकांवर आपटत असतात. यातलं एक जरी दिसलं तर फोटो, डबा, सगळं सोडून जवळच्या उंच काठावर चढा. पलीकडच्या काठावर गाडी असली तरी ज्या काठाला आहात तिथंच चढा.

तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी हे होऊ शकतं, कारण पाणी येतं ते वरच्या पठारावरून. त्यातही एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. जूनमध्ये जमीन तहानलेली असते, तासभर झोडपलं तरी बरंचसं मुरतं. जुलैअखेर माती भरलेली असते, खाली काळा कातळ असतो, आणि तेवढाच पाऊस जवळजवळ सगळा ओढ्यात उतरतो. म्हणजे 'मागच्या महिन्यात असाच पाऊस होता, काही झालं नाही' हा हिशेब चालत नाही.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती चित्रफीत बहुतेकांनी पाहिली असेल. मधल्या खडकावर सगळे एकमेकांना धरून उभे होते आणि दोन्हीकडून पाणी वाढत गेलं. ओढ्याच्या मधल्या खडकावर थांबू नका, बसू नका, फोटोला तर मुळीच नको.

ओलांडायचंच असेल तर अरुंद जागा शोधू नका. अरुंद ठिकाणी पाणी खोल आणि जोरात असतं. रुंद, उथळ जागा बघा. खाली धबधबा किंवा उतार असेल तिथून कधीच नाही. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच पाऊल. कमरेला दोर बांधून माणसं ओढू नका. पाय सुटला की तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

१०. धबधब्याखाली भिजायचं नाही तर जायचं कशाला?

भिजा की! पण जिथं पाणी पडतं तिथं नको, पडून पसरतं तिथं भिजा. मोठ्या पावसात वरून नुसतं पाणी येत नाही, दगड आणि फांद्याही येतात. डोहात उतरायचं नाही. पाणी आपटून फेस होतो त्यात हवा मिसळलेली असते, आणि अशा पाण्यात पट्टीचा पोहणाराही नेहमीसारखा तरंगत नाही. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत पोहायला शिकलो, हा इथं उपयोगाचा दाखला नाही.

दारू पिऊन येणाऱ्यांसाठी आमच्याकडे उत्तर नाही. ते विचारत नाहीत आणि ऐकतही नाहीत.

११. जळवा लागतात का?

लागतात. जुलै ते सप्टेंबर, पालापाचोळा असेल तिथं हमखास. चावा कळत नाही, सॉक्स लाल दिसला की कळतो. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो, म्हणून जळू सुटल्यावरही जखम बराच वेळ ओघळत राहते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओढून काढू नका, काडीनं भाजू नका. नखाच्या कडेनं तोंडाजवळ सरकवा किंवा मिठाचं बोट लावा. मग साबणानं धुऊन दाबून धरा. गावातले लोक पायाला तंबाखूचं पाणी लावतात. लांब सॉक्स आणि त्यांवर चोळलेलं मीठ इतकं पुरतं. वाटेत बसायचं असेल तर दगडावर बसा, पाचोळ्यावर नको.

१२. साप, गवे, बिबटे?

बिबट्या तुम्हाला बघेल, तुम्हाला तो दिसायची शक्यता कमी. गवा दिसू शकतो. गव्यांसाठी ओळखलं जाणारं राधानगरी-दाजीपूर अभयारण्य याच डोंगररांगेत आहे आणि गवे अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. एकटा नर गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या, मोबाइल घेऊन पुढे जाऊ नका.

सापांत घळीतला खरा रहिवासी म्हणजे चापडा. हिरवा, तपकिरी, पिवळसर, अनेक रंगांत सापडतो, पावसाळ्यात ओढ्याकाठच्या फांदीवर किंवा दगडावर तासन्तास निपचित पडून असतो. म्हणून आधारासाठी फांदी धरताना आधी फांदीकडे बघायचं. त्याच्या दंशानं सूज आणि वेदना जबर होतात, जीव क्वचित जातो. मात्र आपल्याकडचं नेहमीचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं, चापड्यासाठी नाही. त्यामुळं उपचार लक्षणांवर होतात. पट्टी आवळू नका, चिरा देऊ नका, माणसाला कमीत कमी चालवा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. कोणता साप हे शोधत बसण्यात वेळ घालवू नका.

आणि ऐकण्यासारखं काही हवं असेल तर शीळकरी कस्तूर. ओढ्याच्या आवाजावरून कुणी माणूस आळसावून शीळ घालतोय असं वाटतं, तो हा पक्षी.

१३. परवानगी, फी, बंदी?

काही ठिकाणी ग्रामपंचायत किंवा वन समिती माणशी आणि गाडीमागे पैसे घेते. पैसे द्या आणि पावती घ्या. रस्त्याची आणि कचऱ्याची सोय त्यातूनच होते. अतिवृष्टीत जिल्हा प्रशासन धबधब्यांवर जायला मनाई करतं, तो आदेश आदल्या दिवशीही निघू शकतो. विशाळगड आणि गगनबावडा परिसरातलं बरंच वन 'संवर्धन राखीव' आहे, त्यामुळं ड्रोन, मोठे स्पीकर, शेकोटी यांना वन खात्याची हरकत असते. दाजीपूरची आतली जंगलफेरी पावसाळ्यात बंद असते, तिथं नुसतं जाऊन परत येऊ नका.

१४. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत जाऊ की थेट खिंडीत?

दोन्ही वेगळे अनुभव आहेत. मोहीम साधारण पन्नास किलोमीटरची, बहुधा दोन दिवसांची: पन्हाळ्याची राजदिंडी, मग म्हाळुंगे, मसाई पठार, आणि वाड्यावस्त्यांमधून पांढरपाणी. मध्ये कितीतरी ओढे, चिखलानं भरलेली भातखाचरं आणि रात्री शाळेत किंवा कुणाच्या सोप्यात मुक्काम. आषाढात हजारो लोक असतात. शांत घळ बघायची असेल तर त्या दिवसांत खिंडीत जाऊ नका. इतिहास पायाखाली घ्यायचा असेल तर त्याच दिवसांत जा. सराव नसताना आणि नवे बूट घालून मोहिमेला जाणाऱ्यांचे पाय पहिल्या दुपारीच सोलतात.

१५. बाजीप्रभू लढले ती हीच जागा का?

पूर्वीची घोडखिंड म्हणून हीच जागा दाखवली जाते. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि १३ जुलैला बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी खिंड अडवून धरली, एवढं सगळे मानतात. नेमकी जागा हीच की गजापूर-विशाळगडाच्या बाजूची दुसरी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभू यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत.

एकदा त्या कातळांमध्ये उभं राहिलं की दोन माणसं शेजारी-शेजारी का चालू शकत नाहीत, ते कळतं. याच परिसरात कासारी उगम पावते. पुढे प्रयाग चिखलीला कुंभी, तुळशी आणि भोगावतीबरोबर तिची पंचगंगा होते. खिंडीत टाकलेली चिप्सची पिशवी कुठं येणार, हे वेगळं सांगायला नको.

१६. रेंज असते का? अडकलो तर?

घळीत नसते असंच धरून चाला. किती जण, कुठं, किती वाजेपर्यंत परत, हे घरी आणि गावातल्या एखाद्या टपरीवर सांगून जा. अडकलात तर उंच, कोरड्या काठावर एकत्र थांबा. या ओढ्यांचं पाणी चढतं तसं पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतं, त्यामुळं थांबणं हाच बहुतेक वेळा सुटकेचा मार्ग असतो. रेंज मिळाली तर ११२, जखमी असेल तर १०८, वन खात्यासाठी १९२६. सॅकमध्ये शिट्टी, विजेरी, एक कोरडा शर्ट आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली भाकरी-चटणी ठेवा. दुपारी तीननंतर घळीत शिरू नका, झाडीमुळं अंधार लवकर पडतो.

१७. मलकापुरात पोहोचलो आणि कळलं की आज बंदी आहे. दिवस वाया?

चोरवाटेनं न्यायला कुणीतरी तयार होईल, त्याच्या मागं जाऊ नका. परत फिरून पन्हाळा गाठा आणि पुढे मसाई पठारावर जा. जांभ्याचं ते अफाट पठार पावसात घळीइतकंच हिरवं असतं, आणि जवळच पांडवदऱ्याची कोरीव लेणी आहेत. फक्त धुकं उतरलं की पठाराची कड दिसत नाही. मसाईच्या देवळाकडे जाणारी गाडीवाट सोडू नका, आणि ती दिसेनाशी झाली तर धुकं सरेपर्यंत जिथं आहात तिथंच थांबा.